दिवाळीत पुरवठादारांकडून येणारे डबे, नाणी आणि पाकिटं : कारखान्याचं धोरण कसं लिहावं? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उंबरठा

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी भेटवस्तूंबद्दलचं लेखी धोरण तयार करायचं आहे. वाहनांचे सुटे भाग, यंत्रकाम आणि पावडर कोटिंग हे काम. कायम ११० आणि कंत्राटी ७० माणसं, पुरवठादार साधारण ४०. आजवर याबद्दल लेखी काहीच नाही.

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात खरेदी, स्टोअर आणि इनवर्ड (येणाऱ्या मालाच्या) तपासणीत सुक्या मेव्याचे डबे, चांदीची नाणी, गिफ्ट कार्डं येतात. डिस्पॅचला (माल बाहेर पाठवणाऱ्या विभागाला) ट्रान्सपोर्टवाले पाकिटं देतात. मालकांचं मत असं की सण आहे, लोक प्रेमानं देतात, एक हजाराची मर्यादा घाला म्हणजे झालं.

जाणकारांना विचारायचं ते असं :
- मर्यादा घालावी का, आणि किती?
- आलेली वस्तू परत करणं आपल्याकडे अपमान मानतात. ते कसं हाताळायचं?
- कारखान्याकडून काही सरकारी कार्यालयांत दर दिवाळीला डबे जातात. ते चालू ठेवावं का?
- साहेबांच्या वाढदिवसाला, निवृत्तीला जी वर्गणी निघते तिला नियम हवा का?
- कराचं काही बघावं लागतं का?

---

मोजपट्टी

एक हजाराच्या मर्यादेपासून सुरुवात करू, कारण बहुतेक धोरणं तिथेच फसतात.

तुमच्याकडे ४० पुरवठादार आहेत. प्रत्येकाने ९०० रुपयांचा डबा आणला तर खरेदीच्या एकाच माणसाकडे ३६,००० रुपयांचा माल जातो आणि नियम एकदाही मोडत नाही. त्यातही एकाच घरच्या दोन-तीन फर्म असतात, त्या वेगवेगळ्या नावांनी डबे देतात. एक डबा साहेबांना, एक वहिनींना, एक मुलांना, असंही होतं. शिवाय किंमत कोण ठरवणार? डब्यावरची छापील किंमत वेगळी, पुरवठादाराने घाऊक भावात भरलेली वेगळी. मग वाद किमतीवर चालतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

मूळ मुद्दा हा की घेणाऱ्याच्या हातात देणाऱ्याचं काय अडकलं आहे. इनवर्ड तपासणीत चार लाखांचा लॉट डेव्हिएशनवर (मापात थोडा फरक असूनही) घ्यायचा की नाकारायचा हे ठरत असताना आलेला ३०० रुपयांचा पेढ्यांचा पुडाही नको. दर वाढवून मागण्याचं पत्र टेबलावर आहे, वर्षाची खरेदी ६० लाखांची आहे. अर्धा टक्का वाढ दिली तरी ती ३०,००० रुपये होते. एका नाण्याच्या बदल्यात तेवढं सुटत असेल तर नाणं कंपनीनेच विकत घेतल्यासारखं आहे.

म्हणून मर्यादा रकमेवर न ठेवता जागेवर ठेवा. पुढच्या जागांवरच्या माणसांना बाहेरच्या कोणाकडूनही काहीही नाही, किंमत शून्य :

खरेदी, स्टोअर, इनवर्ड तपासणी, बिलं पास करणारे लेखा विभागातले लोक, डिस्पॅच, कंत्राटी कामगारांची हजेरी मंजूर करणारे, कॅन्टीनचं बिल तपासणारे आणि भंगाराचा वजनकाटा बघणारे. शेवटचे तीन हमखास यादीतून सुटतात. भंगाराच्या बाबतीत कंपनी विकणारी असते, त्यामुळे भंगारवाला पुरवठादारांच्या यादीत येतच नाही आणि "भेटी आणू नका" हे पुरवठादारांना जाणारं पत्र त्याला जात नाही. गाडीचं रिकामं वजन चुकीचं धरलं तर एका फेरीत शे-दोनशे किलो इकडचे तिकडे होतात. तिथलं पाकीट सगळ्यांत महाग पडतं.

बाकीच्यांसाठी (देखभाल, डिझाइन, एचआर वगैरे) कंपनीचं नाव छापलेली डायरी, कॅलेंडर, पेन एवढं चालेल असं लिहा. खाण्याचं काही आलं तर ते सगळ्यांचं. रोख, गिफ्ट कार्ड, सोनं-चांदी, प्रवास, हॉटेलचा मुक्काम, उसने पैसे, घराच्या कामाला पाठवलेला सुतार किंवा गाडी, नातेवाइकाला नोकरी, फ्लॅटवर खास सवलत : हे सगळं सगळ्यांना बंद. शेवटच्या चार गोष्टी नाव घेऊन लिहाव्या लागतात. लोक "भेटवस्तू" म्हटलं की फक्त खोका डोळ्यासमोर आणतात.

मालक आणि संचालक यांनाही हेच नियम. हे वाक्य धोरणात नसेल तर बाकीचं लिहू नका. वर एलईडी टीव्ही जातो आणि खाली डबा परत करायला लावतात, हे स्टोअरच्या पोराला गेटवरच दिसतं.

आता परत करण्याचा प्रश्न. नाही म्हणायचं ओझं एकेका माणसाच्या तोंडावर टाकलं की ते होत नाही. समोर दहा वर्षं ओळखीचा माणूस डबा घेऊन उभा असतो. त्याला "नको" म्हणणं कुणालाच जमत नाही आणि जमावं अशी अपेक्षाही करू नये. "कंपनीचा नियम आहे, गेटवरच नोंद होते" एवढंच त्याला म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी :

पत्र घटस्थापनेच्या आधी गेलं पाहिजे. पुरवठादार डब्यांची ऑर्डर नवरात्रातच देतात. दसऱ्यानंतर गेलेलं पत्र म्हणजे त्याने पैसे खर्च केल्यावर "आणू नका" सांगणं. मग तो घरी पाठवतो. घटस्थापनेआधी पहिलं, दसऱ्याला आठवण, म्हणजे धनत्रयोदशीपर्यंत १८ दिवस उरतात. पत्र मालकांच्या सहीने, फर्मच्या मालकाच्या नावाने. खरेदी विभागाच्या सहीने पाठवलं तर त्याचा अर्थ "ऑफिसात नको, घरी चालेल" असा लावला जातो. मजकूर साधारण असा :

"सप्रेम नमस्कार. यंदापासून आमच्या कोणत्याही कर्मचाऱ्यास किंवा त्यांच्या कुटुंबीयांस, कंपनीत अथवा घरी, भेटवस्तू, रोख, नाणे किंवा व्हाउचर देऊ नये अशी विनंती आहे. हा नियम संचालकांनाही लागू आहे. आलेली वस्तू आपल्या पत्त्यावर परत पाठवली जाईल. त्यात आपला अनादर करण्याचा हेतू नाही. आमच्यापैकी कोणी काही मागितल्यास थेट माझ्याशी संपर्क साधावा. तसे कळवल्याने आपल्या ऑर्डरवर किंवा बिलांवर परिणाम होणार नाही. आपली देय झालेली बिले वसुबारसेपर्यंत अदा केली जातील. आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या शुभेच्छा."

बिलांचं वाक्य मुद्दाम आहे. डबा येतो तो बहुतेक वेळा बिल अडकलं म्हणून. लेखा विभागात कोणाचं बिल आधी काढायचं हे एका माणसाच्या मर्जीवर असेल तर त्या टेबलावर डबे येणारच, पत्र कितीही पाठवा. बिलं मिळालेल्या तारखेच्या क्रमाने काढायची आणि क्रम मोडला तर कारण लिहून दुसऱ्याची सही घ्यायची, एवढी शिस्त लागली की डबे आपोआप कमी होतात. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. पुरवठादाराला दिवाळीत हवं असतं ते हेच, कारण त्यालाही आपल्या माणसांचा बोनस करायचा असतो.

नोंदवहीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

---

टिपणी

सरकारी कार्यालयांतील डब्यांविषयी. हे बंद करावे, आणि यंदाच करावे. "दरवर्षी जातात" हा बचाव होत नाही. उलट दरवर्षी जातात म्हणजे संबंध नियमित आहे, हे त्यातून दिसते.

दोन गोष्टींची गल्लत होते. एक, कर्मचाऱ्याचे वर्तणूक नियम. दुसरी, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा. दोन्ही वेगळे आहेत.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १३ लागू आहे. लग्न, मुंज, धार्मिक कार्य अशा प्रसंगी, रूढीला धरून, जवळच्या नातेवाइकांकडून किंवा कामाशी संबंध नसलेल्या स्नेह्यांकडून आलेली भेट घेता येते. तिची किंमत गट अ साठी २५,०००, गट ब साठी १५,००० आणि गट क साठी ७,५०० रुपयांहून जास्त असेल तर शासनाला कळवावे लागते. इतर बाबतींत गट अ आणि ब यांना ५,००० रुपयांवरील व गट क ला २,००० रुपयांवरील भेट मंजुरीशिवाय घेता येत नाही. हे आकडे २०१९ मध्ये वाढवले. आधी ते १,५०० आणि ५०० होते. फुकट प्रवास, निवास, जेवणाची सोय हीदेखील भेटच. एखादे साधे जेवण किंवा वाटेत दिलेली लिफ्ट भेट धरत नाहीत, पण कामाचा संबंध असलेल्या व्यक्तीचा किंवा कंपनीचा वारंवार अथवा थाटाचा पाहुणचार टाळावा असे तिथेच म्हटले आहे.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. वरचे केंद्राचे आकडे त्यांना लावू नयेत. तुमचा संबंध ज्या बहुतेक कार्यालयांशी येतो (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, कामगार कार्यालय, महानगरपालिका) तिथले लोक केंद्राचे कर्मचारी नाहीत.

आता खरा धोका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये किमान रक्कम अशी नाहीच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर "अनुचित लाभ" असा शब्द आहे आणि तो पैशातच असावा लागत नाही. कलम ११ नुसार, ज्याचे काम आपल्यासमोर आहे किंवा येण्याची शक्यता आहे, त्याच्याकडून लोकसेवकाने असा लाभ मोबदला न देता घेणे हाच गुन्हा आहे. वर्षाला तपासणी करणाऱ्या निरीक्षकाच्या बाबतीत कारखाना नेमका याच वर्णनात बसतो. महावितरणचे अभियंते आणि सरकारी बँकांचे अधिकारीही लोकसेवकच ठरतात. हे लोकांच्या लक्षात राहत नाही.

देणाऱ्याच्या बाजूने कलम ८, ९ आणि १० पाहावीत. कलम ८ मध्ये देणारा गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावे लागले असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच सुटका. कलम ९ मध्ये कंपनीला दंड होतो, आणि तिच्या वतीने काम करणाऱ्याने दिले तरी कंपनीने दिल्यासारखे धरले जाते. योग्य कार्यपद्धती आधीपासून अस्तित्वात होती हे दाखवता आले तर कंपनीला बचाव आहे. तुमचे धोरण कागदावर असणे इथे कामाला येते. कलम १० मध्ये, संचालकाच्या संमतीने किंवा संगनमताने झाल्याचे सिद्ध झाले तर तीन ते सात वर्षे कैद.

म्हणून सल्लागारांच्या बिलांकडे बघा. "लायझनिंग (सरकारी कार्यालयांशी संपर्क ठेवण्याचा) खर्च, एकूण ४५,०००" असे एकच वाक्य असलेले बिल घेऊ नका. शासकीय शुल्क वेगळे, त्याची चलने सोबत. सल्लागाराचे मानधन वेगळे. दिवाळीच्या महिन्यात हे बिल नेहमीपेक्षा फुगलेले असेल तर डबा त्याच्या हातून गेला आहे असे समजा.

कोणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. शुभेच्छापत्र पाठवायला काहीच हरकत नाही, पण ते टपालाने पाठवावे. माणूस सोबत नको.

---

करंजी

दोघांचं पटलं, पण एका गोष्टीवर वेगळं मत मांडते. सगळ्याला एकच कुंपण घातलं तर ज्यांच्यात देवाणघेवाण स्वच्छ आहे त्यांनाही आपण संशयाने बघायला लागतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, पेढे वाटले जातात, शेजारच्या शेडमधून येतात आणि आपल्याकडून तिकडे जातात. दसऱ्याला आपट्याचं पान देतात, संक्रांतीला तिळगूळ. यातलं काही नोंदवहीत लिहायला लावलं तर लोक नोंदवहीलाच मानणार नाहीत, आणि मग ज्याची नोंद व्हायला हवी तेही लपेल.

धोरणात एक ओळ असावी : सणाचं पान, प्रसाद, तिळगूळ, सगळ्यांसमोर वाटलेला पेढा ही भेट नव्हे. सगळ्यांसमोर आणि सगळ्यांना, हे दोन्ही शब्द हवेत.

दुसरं, पोस्त. सुरक्षारक्षक, सफाईवाले, हाउसकीपिंगच्या बायका यांना दिवाळीत पोस्त देतात ते खालच्या दिशेने जातं, त्याच्या मोबदल्यात कोणी काही मिळवत नाही. ते बंद करू नका. फक्त प्रत्येकाने खिशातून मर्जीप्रमाणे देण्यापेक्षा कंपनीने सगळ्यांना सारखी रक्कम द्यावी. मर्जीने देताना रात्रपाळीचा माणूस कायम राहून जातो.

आणि वर्गणी! कारखान्याच्या गणपतीची पावती पुस्तकं घेऊन खरेदीचा माणूस पुरवठादारांकडे जातो. दिवाळीतला डबा तरी समोरचा स्वतःहून देतो, इथे तर आपण मागतो आहोत. ५,००१ रुपयांची पावती फाडणाऱ्याच्या मनात देव किती आणि पुढची ऑर्डर किती हे त्याला विचारलं तर तो खरं सांगू शकणार नाही. गणपतीची वर्गणी कर्मचाऱ्यांपुरतीच, किंवा सरळ कंपनीच्या खर्चाने. पुरवठादारांनी आरतीला यावं, प्रसाद घ्यावा.

---

मोजपट्टी

करंजी, प्रसादाची ओळ बरोबर आहे, ती हवीच. वर्गणीचा मुद्दा तर माझ्या यादीतून सुटला होता. स्मरणिकेच्या जाहिराती, क्रिकेट स्पर्धेचे टी-शर्ट, वार्षिक सहलीची बस हेही त्याच खात्यात टाका. पुरवठादाराकडून "प्रायोजकत्व" नको.

नोंदवही. एक जाड रजिस्टर, पानांवर क्रमांक छापलेले, गेटवर. एक्सेलमध्ये ठेवू नका; नंतर ओळ गायब होते. रकाने : तारीख आणि वेळ, फर्मचं नाव, कोणासाठी आणलं, वस्तू, अंदाजे किंमत, त्या फर्मचं आज काय प्रलंबित आहे (दरपत्रक, नाकारलेला लॉट, बिल), काय केलं, दोघांच्या सह्या. त्यातला एक जण ज्याच्यासाठी वस्तू आली त्याच्या विभागाचा नसावा. "काय प्रलंबित आहे" हा रकाना लोक गाळतात. वर्षाअखेर बघताना कामाचा तोच असतो.

वस्तूंचं काय करायचं :

खव्याची मिठाई परत पाठवू नका, खराब होते. त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये, आधी कंत्राटी कामगार आणि सुरक्षारक्षक, मग बाकीचे. ज्या विभागाच्या नावाने आली त्या विभागात उघडायची नाही. पुरवठादाराला दोन ओळींचं पत्र : मिठाई मिळाली, सर्वांना वाटली, पुढच्या वर्षी कृपया नको.

सुका मेवा, भांडी, घड्याळं : परत. फर्म लांबची असेल आणि कुरिअरचा खर्च वस्तूपेक्षा जास्त येत असेल तर भाऊबीज झाल्यावर, कंत्राटी कामगारांसकट सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून वाटा. चिठ्ठी काढायला दुसऱ्या विभागातला माणूस. दिवाळीआधी वाटप ठेवलं तर "यंदा किती येतील" यावर लोकांची नजर लागते आणि मग पुरवठादाराला कानात सांगितलं जातं.

नाणी, कार्डं, पाकिटं : परतच. चिठ्ठ्यांत नको, अनाथाश्रमाला दान वगैरेही नको. दान केलं की देणाऱ्याच्या लेखी वस्तू पोचलीच, आणि पुण्य कंपनीच्या नावावर. परत करताना फर्मच्या मालकाची पोच घ्या. वसुलीच्या माणसाच्या हाती परत दिलेलं नाणं मालकापर्यंत पोचेलच असं नाही.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार, खूपच उपयोगी. दोन अडचणी अजून. एक, घरी आलेला डबा. घरातल्या माणसाने दारात घेतला, संध्याकाळी कळलं, तर? दुसरं, लग्नातला आहेर. कर्मचाऱ्याच्या मुलीचं लग्न असेल तर पुरवठादार येणारच, त्यांना बोलावू नका असं सांगता येईल का?

---

मोजपट्टी

घरी आलेल्या वस्तूसाठी दोन कामाच्या दिवसांची मुदत द्या. तेवढ्यात एचआरला कळवलं तर घेणारा कुठेही दोषी नाही, हे स्पष्ट लिहा. परत पाठवण्याचा खर्च कंपनीचा. कर्मचाऱ्याने स्वतः नेऊन द्यायची नाही. तिथे "राहू द्या हो" सुरू होतं. मुदत आणि माफी दोन्ही नसली तर लोक घाबरून गप्प बसतात. पुढे तोच डबा पुरवठादाराच्या हातातलं हत्यार होतो : "साहेब, तुमच्या घरी पाठवला होता की."

लग्नाला बोलावू नका असं सांगू नका, ते कोणी पाळणार नाही. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापायला सांगा आणि पुरवठादारांच्या पत्रातही ती ओळ घाला. तरी पाकीट आलं तर घरच्या आहेराच्या वहीतली तेवढी नावं आणि रकमा दोन कामाच्या दिवसांत कळवायच्या. शून्याच्या नियमाला एवढाच अपवाद म्हणून ५०१ पर्यंतचा आहेर नोंद करून ठेवू द्यावा असं माझं मत आहे. रूढी आहे, परत पाठवण्याने दोन्ही घरं दुखावतात. मात्र त्या फर्मच्या पुढच्या सहा महिन्यांच्या दरपत्रकांवर त्या माणसाची एकट्याची सही नको. पाकिटाऐवजी हॉलचं भाडं, केटरर किंवा गाड्या पुरवल्या असतील तर ती भेट नाही, तिथे शिस्तभंगाची कारवाईच. मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (कामाच्या अटी आणि शिस्तीच्या सरकारी नमुना नियमांत, म्हणजे स्थायी आदेशांत) लाच घेणं-देणं गैरवर्तन म्हणून नमूद आहेच. तुमच्याकडे स्थायी आदेश असतील तर त्यांत ते कलम कुठे आहे बघून धोरणात त्याचा क्रमांक द्या, म्हणजे कारवाईच्या वेळी "हे मला लागू नाही" म्हणायला जागा राहत नाही.

---

रोजकीर्द

कराचं थोडक्यात.

कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेली वस्तू : १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियम ३ प्रमाणे वर्षभरात मिळून ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या भेटींवर कर नव्हता. रोख दिलं तर ही सूट नव्हती, पहिल्या रुपयापासून पगार. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षासाठी आकडा आणि कलमं सीएकडून तपासून घ्या. जीएसटीत एका कर्मचाऱ्याला आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला पुरवठा धरत नाहीत, म्हणजे तिच्यावर जीएसटी लागत नाही. पण भेट म्हणून दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) कलम १७(५)(एच) मुळे मिळत नाही. मिठाईच्या बिलावरचा जीएसटी घेऊन टाकलेला असतो आणि ऑडिटला उलटवावा लागतो, ही दरवर्षीची चूक.

कंपनीने डीलर किंवा ग्राहकाला दिलेली : १९६१ च्याच कायद्यातल्या, १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४आर प्रमाणे (नव्या कायद्यातलं कलम सीएला विचारा), व्यवसायातून मिळालेला लाभ वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेला तर १० टक्के टीडीएस. वस्तू दिली असेल तर आधी कर भरला गेल्याची खात्री करून मगच वस्तू सोडायची.

खात्याचं नाव. दिवाळीचे डबे "स्टाफ वेल्फेअर"मध्ये आणि अधिकाऱ्यांचे "ऑफिस खर्च"मध्ये टाकतात. असं करू नका. "भेटवस्तू, बाहेरील" असं स्वतंत्र खातं उघडा, प्रत्येक बिलाला घेणाऱ्यांची यादी जोडा. यादी देता येत नसेल तर ते बिल पास करायचं नाही. कायद्याने ज्याला घ्यायला मनाई आहे त्याला दिलेला खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ ला अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात डॉक्टरांना दिलेल्या भेटींबद्दल हेच सांगितलं आणि त्याच वर्षी वित्त कायद्याने कलम ३७ मध्ये तसं स्पष्टीकरण घातलं. औषध कंपन्यांसाठी तर मार्च २०२४ च्या विपणन संहितेत डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक भेटच बंद आहे, कंपनीच्या नावाची छोटी वस्तू १,००० रुपयांपर्यंत. तुमचा धंदा वेगळा आहे, पण तुमच्या सीएला तो निकाल माहीत असेल.

---

जाईजुई

ऑफिसातल्या वर्गणीकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते. लोकांना रोज टोचतं ते हेच.

भेट वरून खाली गेली तर फारसं बिघडत नाही. खालून वर गेली की बिघडतं. ज्याच्या हातात माझी पगारवाढ आहे त्याच्या वाढदिवसाला ५०० रुपये देताना मी "हो" म्हणते त्याला स्वेच्छा म्हणता येत नाही. म्हणून वरिष्ठांच्या वाढदिवसाची, गृहप्रवेशाची वर्गणी पूर्ण बंद. केक कंपनीचा, सगळ्यांना सारखा, ट्रेनीलाही. निवृत्ती, बदली, लग्न, बाळंतपण यांना वर्गणी चालू द्या, पण पद्धत बदला.

पत्र्याची बंद पेटी, चार दिवस, एचआरच्या खोलीत. ज्याला वाटेल त्याने टाकावं, जास्तीत जास्त १०० रुपये. यादी नाही, नावापुढे आकडा नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "राहिलेल्यांनी लवकर द्या" नाही. यूपीआय टाळा, कारण जमा करणाऱ्याला प्रत्येकाचं नाव आणि रक्कम दिसते आणि पेटी बंद ठेवण्याला अर्थ राहत नाही. कंत्राटी कामगार आणि पहिल्या सहा महिन्यांतले लोक यांच्याकडे मागायचंच नाही. पेटीत जमेल तेवढ्यातच वस्तू घ्यायची. कमी पडलं म्हणून दुसरी फेरी नाही. भेटकार्डावर सह्या सगळ्यांच्या, पैसे दिलेल्यांच्याच नव्हेत.

वरिष्ठाने एकाच हाताखालच्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, खाजगीत दिलेली साडी, परफ्यूम, दागिना यासाठी वेगळी ओळ हवी : देऊ नये. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात नोकरीत झुकतं माप देण्याचं सूचक आश्वासनही धरलेलं आहे, आणि एकटीलाच मिळालेल्या भेटीचा अर्थ काय लावायचा हे घेणारीवर सोडणं अन्याय आहे. परत करणारीने कारण सांगायची गरज नाही, एचआरने वस्तू परत पोचवावी, असं लिहा.

अजून एक. दिवाळीचा डबा आणि बोनस यांची सरमिसळ करू नका. बोनस किमान ८.३३ टक्के, तो कायद्याने मिळणारा हक्क आहे. डबा ही भेट आहे. "यंदा डबा मोठा दिलाय" हे बोनसच्या बोलणीत यायला नको. आणि डबा कायम आणि कंत्राटी दोघांना सारखाच. अर्धा किलो आणि पाव किलो असे दोन आकार घेतले की गेटबाहेर पडताना पिशवीवरून माणसाची किंमत दिसते. खर्च जमत नसेल तर सगळ्यांना पाव किलो द्या.

---

उंबरठा

दोन आकारच होते आजवर. बदलतो. पत्राचा मसुदा मालकांना दाखवतो आहे, घटस्थापनेला अजून पाच आठवडे आहेत. भंगारवाला, कॅन्टीन आणि मजूर कंत्राटदार यांचे पत्ते खरेदीच्या यादीत नव्हते, ते लेखा विभागाकडून घेतले.

---

मोजपट्टी

लेखा विभागातूनच ट्रान्सपोर्टवाले, कॅलिब्रेशनवाले (मोजमापाची साधनं तपासून देणारे), पेस्ट कंट्रोल आणि गाड्या भाड्याने देणारे यांचीही यादी काढा. वर्षात ज्याला एकदाही पैसे गेले तो प्रत्येक जण. पत्राची पोच आली नाही तर दसऱ्याच्या आठवणीच्या वेळी फोन करा, आणि फोन खरेदीच्या माणसाने करू नये.